मदत हवी आहे: आईचं व्हिटॅमिन बी-१२ वाढतच नाहीये, कुठली गोळी द्यावी?

केतकी_इंदूर
नमस्कार, घाईत लिहितेय. आईचं बी-१२ जुलैत १४८ आलं, लगेच गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांनी परत तपासलं तर १६१. तीन महिने गोळ्या गिळून तेरा?? डी पण ११ आलंय. दूध रोज घेते, पालेभाजी रोज असते, बाहेरचं खात नाही (रविवारचे पोहे-जलेबी सोडून, ते इंदुरात राहून कोण सोडणार). हिमोग्लोबिन बरं आहे, १२.१. फक्त चांगली गोळी कुठली ते सांगा. डॉक्टरांकडे जा हे कृपया सांगू नका, तिथे दोन तास बसून चार मिनिटं मिळतात.

सुदामानगरकर
वय काय? अंडं-मासे खातात का? कुठली गोळी, किती ताकदीची? त्रास काय होतोय? पत्ता न सांगता रिक्षा बोलावलीस तू.

वहिनी_रामबाग
अगं गोळ्यांच्या नादी लागू नकोस. मोड आलेले मूग, रोज सकाळी वाटीभर, वरून लिंबू. आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होत्या, कधी बारा-बिरा तपासलं नाही.

मायक्रोस्कोप
वहिनी, मुगाला मोड आणले तर सी वाढतं, बी-१२ नाही येत. ते बॅक्टेरिया बनवतात, आपल्याला मिळतं ते दूध-दही, अंडी, मासे-मटणातून. पालेभाजीत पण नसतं. मोठ्यांना दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधात जेमतेम एक.

वहिनी_रामबाग
मग आमच्या आजेसासूबाई कशावर जगल्या?

मायक्रोस्कोप
घरच्या गाईच्या दुधा-दह्यावर असतील, आणि मोजलं कोणी होतं?

हिरवी_वाट
स्पिरुलिना घ्या, शंभर टक्के नैसर्गिक. माझ्याकडे मिळेल, विचारपूस करा.

सुदामानगरकर
स्पिरुलिनात बहुतेक नकली बी-१२ असतं, शरीराला त्याचा उपयोग नाही. धंदा दुसरीकडे करा राव.

पहाटफेरी
डी साठी एकच उपाय, सकाळी सहाला नेहरू पार्क. मी सात वर्षं जातो.

मायक्रोस्कोप
काका, आणि तुमचं डी किती आहे?

पहाटफेरी
१७. पण तो प्रश्न नाहीये.

मायक्रोस्कोप
😀 कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण नसल्यातच जमा असतात. ऊन हवं अकरा ते दोनमधलं, हातपाय उघडे, थोडा वेळ. खिडकीच्या काचेतून ते किरण येतच नाहीत, म्हणून बंद गॅलरीत बसून उपयोग नाही. कर्कवृत्त उज्जैनपाशी आणि आपल्या सगळ्यांचं डी अकरा-सतरा, कारण आपण बाहेर पडतो कधी आणि पडलो की स्कार्फ, हातमोजे, गॉगल.

राजवाडा_रिटर्न
आयर्नचं पण सांगतो, जेवणाबरोबर चहा घेऊ नका, लोह कमी शोषलं जातं. मुलगी पोह्याबरोबर चहा घ्यायची, बंद केला.

सुदामानगरकर
पोह्याबरोबर चहा नाही?? मग इंदूर कशाला म्हणायचं. आणि लोहाचं विचारलं कोणी?

केतकी_इंदूर
सॉरी, ऑफिसात होते. आई ६४, शुद्ध शाकाहारी, अंडं घरात येत नाही. गोळी ती लाल कॅप्सूल, बी कॉम्प्लेक्स. पट्टीवर भिंग लावून बघितलं, बी-१२ १५ मायक्रोग्रॅम लिहिलंय. डी ची पावडर दुधातून देतेय, नऊ पुड्या झाल्या. तळपायाला मुंग्या येतात, बाकी काही नाही.

मायक्रोस्कोप
नऊ पुड्या किती दिवसांत?

केतकी_इंदूर
नऊ दिवसांत. रोज एक. केमिस्टने दिल्या, त्याने काही सांगितलं नाही.

मायक्रोस्कोप
आज थांबव. त्या पुडीवर ६०,००० युनिट लिहिलंय का बघ. ती साधारण आठवड्याला एक देतात, आठेक आठवडे. जास्त झालं तर लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं. नऊ पुड्यांनी लगेच आकाश कोसळणार नाही पण कॅल्शियम तपासून घे. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान असं काही?

केतकी_इंदूर
बद्धकोष्ठ आहे, पण ते तिला कायमचंच 😐

सुदामानगरकर
बाकी औषधं कुठली चालू आहेत? सगळी सांग.

केतकी_इंदूर
शुगरची मेटफॉर्मिन, नऊ वर्षं. आणि सकाळी अनशापोटी गॅसची, चारेक वर्षं. पण त्यांचा व्हिटॅमिनशी काय संबंध?

सुदामानगरकर
हे आधी सांगायचं गं बाई! माझं हेच झालं होतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आतड्यात बी-१२ कमी शोषलं जातं. आणि गॅसच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं, तर दुधातलं बी-१२ प्रथिनापासून सुटंच होत नाही. दूध पितात पण पदरात पडत नाही. मला १००० मायक्रोग्रॅमवाली दिली होती. शोषण्याचा नेहमीचा रस्ता बंद असला तरी त्यातलं साधारण एक टक्का असंच आत झिरपतं, म्हणजे दहा. तुझ्या पंधराचं एक टक्का काढ. शुगरची गोळी मनाने बंद करू नकोस मात्र.

गराडू_गँग
थंडी सुरू झाली, सराफ्यात गराडू आले का कोणी सांगेल?

वहिनी_रामबाग
आले. केस गळतात त्यावर बायोटिन घ्यावं का?

केतकी_इंदूर
मग हजारवाली आणून देते, संपलं. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणजे तशी काळजी नाही ना? एवढंच की हल्ली चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते आणि तिला कळत नाही, दोन-चार पावलं तशीच पुढे जाते. आम्ही हसतो, वयच झालं.

मायक्रोस्कोप
केतकी, हसू नकोस. चप्पल निसटलेली कळत नाही म्हणजे पायाची जाणीव गेलीय. शुगरमुळेही होऊ शकतं, बी-१२ मुळेही, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. हिमोग्लोबिनवर जाऊ नकोस. तसल्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा फॉलिक अ‍ॅसिड असतं, त्याने रक्त ठीक दिसतं आणि नसांची झीज आत चालूच राहते. फार उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. इथे गोळीचं नाव मागू नकोस, उद्या घेऊन जा. चार मिनिटं मिळतात ना, मग कागदावर लिहून ने: चप्पल, मेटफॉर्मिन, गॅसची गोळी, नऊ पुड्या. दीड मिनिटात होईल.

केतकी_इंदूर
बरं.

केतकी_इंदूर (पाच दिवसांनी)
जाऊन आलो. कागद नेला होता, डॉक्टरांनी तो वाचला आणि या वेळी वीस मिनिटं दिली. दिवसाआड इंजेक्शन सुरू केलंय, नंतर आठवड्याला. कॅल्शियम थोडंसं वर होतं, पावडर बंद, पुढच्या महिन्यात परत तपासायचं. गॅसची गोळी हळूहळू कमी करणार आहेत. राजवाड्यावरून मागे पट्टा असलेली सँडल घेतली, आई म्हणते शाळेत चाललेय असं वाटतं.

वहिनी_रामबाग
छान झालं. मूग मात्र चालू ठेव.