एमजी टीसीच्या इंजिनाला मूळ कारखान्याचे नट-बोल्ट कोणते होते?

कातरवेळ:
माझ्याकडे १९४८ सालची एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि सध्या तिचे इंजिन उतरवून ठेवले आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशीच उभी करावी, असा माझा आग्रह आहे. पण आधीच्या मालकांनी वेळोवेळी हाताला लागेल तो बोल्ट बसवलेला दिसतो. काहींच्या डोक्यावर तीन रेषा आहेत, काही चकचकीत स्टेनलेस आहेत आणि आतल्या पॅनेलवर फुलीच्या खाचेचे स्क्रू आहेत. इंजिनाच्या काही नटांना व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापपद्धतीचा) पाना बरोबर बसतो, म्हणून मी त्यांचे आटेही व्हिटवर्थचेच असतील असे धरून चाललो होतो, परंतु नवा बोल्ट दोन-तीन फेरे आत जाऊन अडकतो. पाण्याच्या पंपाजवळच्या एका छिद्रात पूर्वी कोणीतरी भलताच बोल्ट जबरदस्तीने घातलेला आहे. मूळ कोणते आणि नंतरचे कोणते, हे कशावरून ठरवावे? त्यांचा पृष्ठभाग मूळचा कसा असावा आणि स्टेनलेस वापरण्यास खरोखर काही हरकत आहे का?

आटे_आणि_पाने:
तुम्ही ज्या ठिकाणी अडकला आहात, तिथे टीसी घेतलेला जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी अडकतो. या गाडीच्या १२५० सीसी एक्सपॅग इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण नट-बोल्टांची डोकी व्हिटवर्थ पान्याच्या मापाची आहेत. हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिस इंजिन्सचा कॉव्हेंट्रीचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला. यंत्रसामग्री मेट्रिक होती. गाडी दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात मात्र ब्रिटिश पाने होते. त्यामुळे आटे एका पद्धतीचे आणि डोके दुसऱ्या पद्धतीचे अशी जोडी जमली. म्हणून या इंजिनावर पान्यावरून आटे ओळखू नयेत, हा नियमच समजा.

इंजिनावर वारंवार भेटणारा बोल्ट ८ मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा (म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर १ मिमी) आहे. आता ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, व्यासातला फरक डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच व्यासाच्या ब्रिटिश स्टँडर्ड फाइन (व्हिटवर्थ कुळातल्या बारीक आट्यांच्या) बोल्टाला इंचाला २२ आटे असतात, यूएनएफला (नंतरच्या युनिफाइड पद्धतीच्या बारीक आट्यांना) २४ असतात आणि १ मिमी पिच म्हणजे इंचाला २५.४ आटे. त्यामुळे चुकीचा बोल्ट सुरुवातीला अगदी सहज आत जातो, मग घट्ट होतो, आणि त्यानंतर जोर लावला की छिद्राचे आटे जातात. आटे मोजण्याचा गेज घ्या आणि तो उजेडासमोर धरून पाहा. व्हिटवर्थ कुळातल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आणि युनिफाइडचा ६० अंशांचा असतो, म्हणून चुकीच्या गेजच्या दातांमधून फट दिसते. चॅसिस आणि बॉडीवर मात्र तुम्हाला मुख्यतः ब्रिटिश स्टँडर्ड फाइनच सापडेल.

तीन रेषांचे बोल्ट निःशंकपणे बाजूला काढा. ती अमेरिकन ग्रेड ५ ची खूण आहे. डोक्याच्या माथ्यावर गोल खळगा किंवा बाजूवर एकमेकांना जोडलेली वर्तुळे दिसली, तर तो युनिफाइड बोल्ट असतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्यात युनिफाइड आट्यांबाबत समझोता झाला तो नोव्हेंबर १९४८ मध्ये, आणि टीसीचे उत्पादन पुढच्याच वर्षी संपले. तेव्हा असा बोल्ट तुमच्या गाडीत नंतरच आलेला असणार. फुलीच्या स्क्रूंनाही तोच न्याय लावा, तुमच्या पॅनेलवर सरळ खाचेचे स्क्रू हवेत. फुलीच्या खाचांच्या मधोमध बारीक तिरप्या रेषा असतील तर तो पोझिड्राइव्ह, म्हणजे आणखी उशिराचा.

राखाडी_कॅडमियम:
पृष्ठभागाबद्दल लिहितो. पार्ट्स कॅटलॉगवर फार विसंबू नका, कारण त्यात माप सापडते, पण लेप कोणता होता ते बहुधा सापडत नाही. खरा पुरावा झाकलेल्या जागी असतो: वॉशरच्या खाली, क्लिपच्या आतल्या बाजूला, नटाखाली दडलेल्या आट्यांवर. तिथे मंद, किंचित उबदार राखाडी थर दिसला तर तो कॅडमियमचा असू शकतो, तर जस्ताचा थर सहसा अधिक उजळ आणि निळसर दिसतो. काळा फॉस्फेटही जुन्या गाड्यांत भरपूर आढळतो. अनेक कारखान्यांत इंजिन जोडून झाल्यावर रंगवत असत, त्यामुळे बोल्टाच्या डोक्यावर रंग आणि वॉशरखाली कोऱ्या धातूचे वर्तुळ दिसले, तर तिथे चमकणारे डोके ठेवणे हीच चूक ठरेल. (प्रदर्शनात सगळ्यात आधी नजर जाते ती अशा चमकणाऱ्या बोल्टांवर, आणि मालकाला नेमका त्यांचाच अभिमान असतो.)

कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे ते घरी करण्याचा विचारही करू नये. जस्ताचा लेप देऊन त्याची चकाकी कमी करणे हा बहुतेकांचा मार्ग आहे. लेपाची जाडी मात्र सांभाळा. ६० अंशांच्या आट्यांचा पिच व्यास (आट्यांच्या उंचीच्या मध्यावर मोजलेला व्यास) लेपाच्या जाडीच्या चौपटीने वाढतो. म्हणजे ८ मायक्रॉनच्या लेपाने ३२ मायक्रॉन. मूळ बोल्ट सैलसर असेल तर हे खपते, नाहीतर नट चढतच नाही.

एक गोष्ट जिवाची आहे. उच्च ताकदीच्या पोलादाला आम्लात धुऊन लेप दिला की त्यात हायड्रोजन शिरतो, आणि असा बोल्ट घट्ट केल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटू शकतो. लेपानंतर लगेच सुमारे १९० अंश सेल्सिअसला किमान चार तास भाजावे लागते. स्टीअरिंग, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांना मी लेप देतच नाही. तिथे योग्य ताकदीचे नवे बोल्ट घ्यावेत, जरी त्यांचे डोके जुन्यासारखे दिसले नाही तरी.

स्टेनलेसला माझा विरोध केवळ दिसण्यामुळे नाही. नेहमी मिळणाऱ्या ए२-७० ग्रेडच्या स्टेनलेस बोल्टाची ताणशक्ती ७०० मेगापास्कल असते, तर ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टाची ८०० असते. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घट्ट करताना आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होतात, आणि ओलाव्यात ॲल्युमिनियमच्या संपर्कात स्टेनलेस आले की झिजते ते ॲल्युमिनियम.

कातरवेळ:
दोघांचेही आभार. गेज लावून पाहिला. पंपाजवळच्या छिद्रात तळाशी १ मिमीचा गेज तंतोतंत बसतो, वरचे तीन-चार आटे मात्र गेलेले आहेत. बाजारात ८ × १ मिमीचे बोल्ट मिळतात, पण त्यांचे डोके १३ मिमीचे आहे. ते चालतील का?

आटे_आणि_पाने:
धरून ठेवतील, पण शोभणार नाहीत. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिमीचे असते. त्यात १३ मिमीचे डोके सैल राहते आणि दोन-तीनदा उघडले की कोपरे गोल होतात. व्हिटवर्थ डोक्याचे मेट्रिक बोल्ट या इंजिनासाठी नव्याने बनवले जातात, थोडे थांबून तेच घ्या. छिद्रात ८ × १ चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) तेल लावून हाताने फिरवा, प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर मागे घ्या आणि तळाच्या शाबूत आट्यांनाच टॅपला वाट दाखवू द्या. त्यानंतरही बोल्ट पूर्ण घट्ट होत नसेल तर त्याच मापाचा तारेचा इन्सर्ट (छिद्राला नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावा. बाहेरून तो दिसत नाही, आणि बोल्ट मूळ मापाचाच राहतो. छिद्र मोठे करून ३/८ इंचाचा बोल्ट घालण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. तुमच्याकडच्या तीन रेषांच्या बोल्टांपैकी एखादा तसाच आलेला असावा.