कादंबरी आधी, की शब्दार्थांची वही आधी?

रंकाळाकाठ
भाचीला सुट्टीत इंग्रजी वाचनवर्गाला घातलंय. कादंबरी आहे जॉन नोल्सची 'अ सेपरेट पीस', १९५९ची. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधली मुलांची बोर्डिंग शाळा, साल १९४२, बाहेर महायुद्ध. जीन अभ्यासू, फिनी खेळाडू, दोघं एका खोलीत राहणारे जिवलग. नदीवर झुकलेल्या झाडावरून पाण्यात उड्या मारायचा त्यांचा खेळ. एकदा फांदीवर उभ्या असलेल्या जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते, फिनी काठावर पडतो आणि त्याचा पाय मोडतो. जीनने हे मुद्दाम केलं का? पुढची सगळी कादंबरी या प्रश्नाभोवती फिरते.

तर वर्गातली पद्धत अशी. प्रकरणं तेरा, प्रत्येकाचे वीस शब्द. आधी वही भरायची, अर्थ पाठ करायचे, मग वाचायचं. परवा पोरीला विचारलं, फिनी कसा वाटला गं? म्हणाली, "मावशी, आम्ही अजून चौथ्या धड्याच्या शब्दांत आहोत."

धडा! कादंबरीचा धडा झाला. आणि गंमत बघा, फिनी पडतो चौथ्या प्रकरणाच्या शेवटी. तिथला कळीचा शब्द 'जाउन्स'. तो वहीत आधीच उतरवलेला: 'हिसका देणे'. म्हणजे पोरगा फांदीवरून पडायच्या आत वहीत निकाल लागलासुद्धा. माझं म्हणणं सरळ आहे, मुलांना आधी गोष्ट वाचू द्या. अडलेला शब्द अडू दे.

कागलची बाई
ताई, राग मानू नका, पण हे ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांचं बोलणं झालं. मी कागल भागात शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरात इंग्रजी पुस्तक हातात धरणारी पहिलीच. "अडलेला शब्द अडू दे" म्हटलं की ती दुसऱ्या पानावर थांबतात आणि 'आपल्याला जमत नाही' असं ठरवून मोकळी होतात. तुमच्या भाचीला कंटाळा येतो. आमच्यांना लाज वाटते. त्या लाजेवर मला तरी वहीएवढा स्वस्त इलाज सापडलेला नाही.

आणि याच कादंबरीचं शेवटचं पान काढा. तिथे मॅजिनो लाइन येते. फ्रान्सने जर्मनीच्या सीमेवर प्रचंड खर्चाने तटबंदी उभारली आणि १९४० साली जर्मन फौजा तिला वळसा घालून आर्डेनच्या जंगलातून आत शिरल्या. हे माहीत नसेल तर ते पान नुसतं वाचून काय कळणार? माणसं बाहेरच्या शत्रूसाठी तट बांधतात आणि शत्रू तिथे नसतोच, हा अख्खा आशय त्या एका नावात बसलाय. तो आधी सांगायलाच हवा. आधी म्हणजे आधी.

जुना बोर्डर
मी कादंबरी वाचलेली न्हाई, पण बोर्डिंग शब्दावर बोलायचा हक्क हाय. त्या पोरांच्या वहीत पयला शब्द 'बोर्डिंग' घातला का बाईंनी? कारण कोल्हापुरात त्याचा अर्थ येगळा. शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या, गरिबाच्या पोरांनी शिकावं म्हणून. तिकडची बोर्डिंग म्हंजे श्रीमंताची पोरं असणार.

आमचा डबा गावाकडनं यष्टीनं यायचा. गाडी चुकली की दिवसभर पाव आणि च्या.

आता ते फांदीचं वाचून एक आठवलं, सांगूनच टाकतो. माझा खोलीतला दोस्त वर्गात पयला यायचा, मी दुसरा. प्रिलिमच्या आदल्या रात्री त्याची भूमितीची वही हुडकून हुडकून सापडंना. सकाळी पेपर झाल्यावर माझ्या ट्रंकेत निघाली. मी ठेवली का राहिली, चाळीस वर्सं झाली, मला सांगता येत न्हाई.

रंकाळाकाठ
काका, तुमचं वाचून दोन मिनिटं गप्प बसले. मग भाचीला हाक मारून वाचून दाखवलं.

'ठेवली का राहिली'. मराठीत हे दोन वेगळे शब्दच आहेत. मी फांदी हलवली, आणि माझ्याकडून फांदी हलली. इंग्रजीत जीन एकच क्रियापद वापरतो आणि त्याच्या आडोशाला उभा राहतो. मराठीत सांगायला गेलं की आधी कबूल तरी करावं लागतं, नाहीतर अंग तरी काढून घ्यावं लागतं. 'हिसका देणे' लिहिणाऱ्याने जीनला परस्पर दोषी ठरवलं. मी म्हणते ते हेच.

कागलची बाई
ताई, मग हा शब्दाचाच अभ्यास झाला की! तुम्ही माझ्या बाजूने बोलताय आणि तुम्हाला पत्ताच नाही.

शाहूपुरी तिसरी गल्ली
मी दोघींच्याही विरोधात. शब्दांच्या वहीपेक्षा त्या 'थीम'च्या वहीची मला जास्त भीती वाटते. मैत्री, मत्सर, युद्ध, निरागसपणाचा शेवट. प्रत्येकी पाच ओळी, दोन उदाहरणं. बारावीतल्या मुलाला विचारा, सुरात म्हणून दाखवेल. शब्दाचा अर्थ चुकला तर निदान कोशात बघून दुरुस्त होतो. आशय एकदा मार्गदर्शकातून पाठ झाला की तो पुसायला कुठलाच कोश नाही.

नाव घ्या ना. 'सेपरेट पीस'चं भाषांतर पोरं करतात 'वेगळी शांतता'. त्यावरून निबंधही लिहितात, की शाळा म्हणजे युद्धापासून दूर शांत जागा. थोडं खरंही आहे. पण इथे 'पीस' म्हणजे तह. पुरंदरचा तह म्हणतो आपण, पुरंदरची शांतता नाही. सोबत्यांना न विचारता एकट्याने शत्रूशी परस्पर केलेला तह, तो सेपरेट पीस. हेमिंग्वेच्या १९२९च्या युद्धकादंबरीतला सैनिक रणातून निघून जातो तेव्हा याच शब्दांत बोलतो. 'तह' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: कुणाशी? आणि त्यात काय काय द्यावं लागलं? 'शांतता' म्हटलं की प्रश्नच मिटतो.

जाता जाता, काकांनी मिस क्लार्क बोर्डिंगचं नाव घेतलं म्हणून. भाऊराव पाटील तेव्हा इथे जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीच्या त्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर जैन बोर्डिंगवाले आंघोळ करून ये म्हणाले, यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं, असं चरित्रांत येतं. वयात येणं म्हणजे काय, हे शिकवायला न्यू हॅम्पशायरपर्यंत जायलाच हवं का?

कागलची बाई
जायला हवं. भाऊरावांनी काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते बरोबर होते हेही. जीनचं तसं नाही, तो स्वतःलाच पुरता कळलेला नाही. पंधरा वर्षांनी शाळेत परत येऊन ते झाड शोधतो. माझ्या मुलांना थोर माणसं खूप भेटतात. असा चुकलेला, त्यांच्याच वयाचा पोरगा पुस्तकात क्वचित भेटतो.

थीमच्या वहीचं मात्र मान्य. ती मीही लिहून देते, कारण परीक्षेत तेच विचारतात. वीस शब्दही जास्तच होतात, पाच पुरेत. पण ते पाच आधीच देणार.

रंकाळाकाठ
मॅजिनो आधी, जाउन्स नंतर. एवढं केलंत तर माझी तक्रार नाही. भाचीने काल रात्री बसून चौथं प्रकरण संपवलं. सकाळी एकच विचारलं, "मावशी, त्या काकांनी दोस्ताला सांगितलं का?"

जुना बोर्डर
न्हाई सांगितलं. तो आता पुण्याला असतो.

पोरीचं झालं की पुस्तक मला द्या. शब्दांची वही पण द्या संगं, मला लागंल.