फलकावर नाव कोणाचे: दुर्गाबाईंचे की कमलाबाईंचे?

नौपाडाकर
ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या वाचन मंडळाच्या मूकपटविषयक प्रदर्शनात ‘भारतीय चित्रपटातील पहिली अभिनेत्री : कमलाबाई गोखले’ असा फलक लागणार आहे. माझा त्या मजकुराला विरोध आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात कमलाबाई मोहिनी झाल्या हे खरे असले, तरी त्याच चित्रपटात त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची भूमिका केली होती. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. पतीपासून वेगळे होऊन, मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत पोट भरायचे आणि लोकांची बोलणी सोसायची, हा निर्णय आईचा होता. कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा निर्णयही तिचाच. मग मान लेकीला कसा?

कोपरखैरणेकर
आपण निर्णयाला मान देत आहात, फलक मात्र अभिनयाचा आहे. चित्रपटाच्या नावातच मोहिनी आहे आणि ती भूमिका कमलाबाईंची होती. नाटक कंपनीत वाढलेले मूल रंगमंचावरच चालायला शिकते. तेरा वर्षांची कमला हौशी पोर नव्हती, तयार नटी होती. वयाकडे बोट दाखवून तिचे कसब आईच्या खाती जमा करणे मला पटत नाही.

घंटाळीची वाचक
मला तर ‘पहिली’ या शब्दाचीच अडचण वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या चित्रपटासाठी फाळक्यांना स्त्री मिळेना, वेश्यांनीही नकार दिला आणि अखेर उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या मायलेकी पडद्यावर आल्यानंतर दार उघडले, असे आपण गृहीत धरतो ते चूक आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! म्हणजे चार वर्षांनंतरही सीता पुरुषच होती. ज्या पहिलेपणाने लगेच काही बदलले नाही, त्यावरून दोघींत भांडण कशाला लावायचे?

कोपरखैरणेकर
लगेच बदलले नाही, म्हणूनच तर त्यांचे मोल अधिक. पुढच्यांना निदान ‘हे झालेले आहे’ एवढे तरी सांगता आले.

नौपाडाकर
घंटाळीच्या ताईंचा मुद्दा मी वेगळ्या बाजूने पुढे नेतो. चित्रपट हा कमलाबाईंच्या आयुष्याचा एक भाग होता. त्यांचे घर चालले ते प्रामुख्याने नाटकावर. पती रघुनाथराव गोखले अकाली गेल्यावर तीन मुलांना त्यांनी अभिनयाच्या कमाईवर वाढवले. त्यांपैकी चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत यांनी तबला हाती घेतला. विक्रम गोखले हे त्यांचे नातू. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या याचे आजही कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याआधी कितीतरी वर्षे कमलाबाई नाटकात काम करत होत्या. शिकलेल्या घरांतील स्त्रिया आल्या तेव्हा ते नवे वळण ठरले, कंपनीतल्या बाईने केले ते मात्र पोटासाठी, हा भेद मला बोचतो. (गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर या विषयावर मी पुष्कळदा वाद घातला आहे.)

घंटाळीची वाचक
मग तुमचाच पहिला आक्षेप सैल पडतो. आपण दुर्गाबाईंची बाजू घेऊन आलात आणि पोहोचलात कमलाबाईंच्या नाट्यजीवनापाशी.

नौपाडाकर
मान्य. तरीही फलकावर आईचे नाव हवे आणि ते वर हवे.

कोपरखैरणेकर
नाव हवे, याला हरकत नाही. वर कोणाचे, हे मात्र मी मान्य केलेले नाही. ‘दुर्गाबाई कामत (पार्वती) आणि कमलाबाई (मोहिनी), १९१३’ एवढेच लिहा, ‘पहिली’ हा शब्द गाळा आणि खाली कमलाबाईंच्या नाटकांसाठी दोन ओळी ठेवा. तेव्हा त्यांचे लग्न झालेले नव्हते, म्हणून १९१३ च्या ओळीत ‘गोखले’ हे आडनावही नको.