कन्नड घाटात भरलेली पिकअप ओढत नाही, रीमॅप करावं का?

जालन्याचा_बागवाला

रामराम मंडळी. २०१८ ची १.७ टनवाली पिकअप आहे. बीएस-४, कॉमन रेल, पाच गिअर, १ लाख ६० हजार किमी झालेत. बागेतली मोसंबी धुळ्याकडं जाते. रिकामं परतणं परवडत नाही, म्हणून येताना चाळीसगावहून केळी भरतो. काटा करूनच निघतो, सगळं मिळून साडेतीन टनांच्या आत असतं.

दिवाळीपर्यंत कन्नडचा घाट तिसऱ्यावर चढत होती. आता निम्म्या घाटात दुसरा टाकावा लागतो, दोन वळणांवर तर पहिला. मागं काळा धूर. संभाजीनगरात एकानं सांगितलं, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) रीमॅप करून देतो, म्हणजे त्याचा प्रोग्राम बदलतो, ताकद तीस टक्के वाढंल, सोबत ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सोय) पण बंद करतो. १८ हजार मागतोय.

कुणी केलंय का असं काम? आपल्या मराठवाड्यात खात्रीचा माणूस कोण? नाव-नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा, धाग्यावर नको.

वाळूजचा_डिझेलवाला

भाऊ, पैसे अजून देऊ नका. दिवाळीपर्यंत चढत होती हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आहे त्या ट्यूनिंगवर ती चढते. मधल्या काळात ताकद कुठं गेली ते आधी शोधायचं.

हिशेब बघा. साडेतीन टन वजन, बारास एक असा चढ, ताशी ३० चा वेग. चाकावर साधारण ३८ हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगमध्ये जातं ते धरलं तरी इंजिनाकडून ४५ च्या आसपास. तुमच्या इंजिनाची कागदावरची ताकद साठाच्या वर आहे. मग अडतं कुठं?

काळा धूर म्हणजे डिझेल पडतंय, हवा पुरत नाही. रीमॅपवाला डिझेल आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) दोन्ही वाढवणार. हवा आधीच कुठंतरी गळत असेल तर टर्बोला दुप्पट पळावं लागतं, एक्झॉस्ट तापतं आणि शेवटी टर्बोच बसतो. चुकीचा इलाज होईल तो.

आपल्या भागातलं एक दुखणं दर हिवाळ्यात माझ्याकडं येतं. कापसाचा हंगाम, जिनिंगच्या गाड्यांमागं तासन् तास चालायचं. टर्बोची तापलेली हवा थंड करतो त्या इंटरकूलरच्या जाळीत रुईचे तंतू बसतात, त्यावर धूळ, त्यावर तेलाचा ओलावा. घोंगडीसारखा थर होतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, बॅटरी धरून आतल्या बाजूनं बघा. साफ करताना हवा आतून बाहेर मारायची आणि प्रेशर कमी ठेवायचं, नाहीतर पत्र्या वाकतात.

मग इंटरकूलरचे पाईप. सांध्यावर तेलकट काळी रेघ दिसली की तिथून हवा जाते. साबणाचं पाणी लावा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ईजीआरचा कार्बन बघा. एवढ्यानं नाही सापडलं तर भरलेल्या गाडीवर स्कॅनर लावून तिसऱ्या गिअरात पूर्ण पाय देऊन दोन आकडे बघायचे: ईसीयूनं मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला. तसंच रेल प्रेशरचं, म्हणजे इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचं. उभ्या गाडीवर रेस देऊन काही कळत नाही.

आणि टायर कोणते टाकलेत?

जालन्याचा_बागवाला

टायर डिसेंबरात बदलले. आधी २१५/७५ होते, दुकानदार म्हणाला २३५/७५ टाका, गाडी उंच होईल. रिम तीच १५ ची.

वाळूजचा_डिझेलवाला

बघा, चार टक्के तिथंच गेले. चाकाचा घेर तेवढा वाढला, म्हणजे पाचही गिअर चार टक्क्यांनी लांब झाले. घाटात तिसरा जेमतेम पुरत होता, तो आता पुरणार नाही. ट्यूनिंग म्हटलं की सगळे इंजिनाकडं धावतात. क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधले गिअर) आणि टायर मिळून गाडीची ओढ ठरते, ते कुणी बघत नाही.

घाटाखालचा_ड्रायव्हर

दादा, माझं ऐका, मी भोगलंय. मी रीमॅप नव्हतं केलं, बॉक्स लावला होता. तो रेल प्रेशरच्या सेन्सरच्या वायरीत बसतो, ईसीयूला प्रेशर कमी दाखवतो, मग ईसीयू वाढवत राहतो. पहिला महिना गाडी लई पळाली. मे महिन्यात दुपारी भर घाटात, मागं कांदा, आरपीएमचा काटा सरसर वर गेला आणि गाडी जागेवर. जळका वास आला. चाकाला ओट लावून बघितलं तर बेल हाउसिंगमधून (क्लचवरच्या आवरणातून) धूर निघत होता.

क्लच खोलला तेव्हा फ्लायव्हील निळं-जांभळं पडलेलं. प्लेटवर लायनिंग म्हणून काही राहिलंच नव्हतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील, टोचनचं भाडं, आणि पन्नास-साठ गोण्या दुसऱ्या गाडीत हलवायची हमाली वेगळी. इंजिनाला काही झालं नव्हतं. क्लच मात्र जुन्याच ताकदीसाठी बनवलेला होता, हे बसवणाऱ्यानं सांगितलंच नाही.

लातूरचा_ऑटोमॅटिकवाला

वरच्या दादांचं खरं आहे, आणि ऑटोमॅटिकमध्ये ते आणखी महाग पडतं. माझी पिकअप सहा गिअरची ऑटोमॅटिक, शौकापायी केलं होतं. इंजिन किती टॉर्क देतंय हे ईसीयू गिअरबॉक्सच्या कंप्युटरला सांगतो, त्यावरून आतल्या क्लचवर किती तेलाचा दाब द्यायचा हे ठरतं. माझ्या माणसानं ईसीयूत टॉर्क वाढवला पण कळवायचा आकडा जुनाच ठेवला. दाब कमी, क्लच घसरायला लागले. तिसऱ्यातून चौथा पडताना क्षणभर न्यूट्रल झाल्यासारखं व्हायचं. तेल काढलं तर लालऐवजी तपकिरी, करपलेल्या वासाचं. वेळेत ईसीयूची मूळ फाईल (कंपनीचा प्रोग्राम) परत टाकली म्हणून वाचलो. करायचंच असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींच्या फाईली एकत्र करणारा माणूस बघा. आणि आपल्या गाडीची मूळ फाईल आधी पेनड्राइव्हवर मागून घ्या. देत नसेल तर तिथून उठा.

हायलक्सचं उदाहरण घ्या. तेच २.८ लिटरचं इंजिन, मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ५००. कंपनी स्वतः गिअरबॉक्स बघून इंजिनाचा हात आवरते.

परभणीकर

ईजीआर बंद करून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारावर बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले भाग बसवले तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पिवळ्या पाटीची गाडी रोज नाक्यावर उभी राहते, तुम्हाला पीयूसी पण लागणार.

जालन्याचा_बागवाला

नऊ दिवसांनी लिहितोय, माफी असावी, तोडणी चालू होती.

इंटरकूलर काढला. आतल्या बाजूला बोटभर रुईचा थर, चाकूनं सोलून काढावा लागला, अख्खा निघाला. टर्बोकडून येणारा पाईप क्लिपखाली चिरलेला, मागं एका रस्त्यावरच्या गॅरेजात क्लिप बदलली होती, तिची कड रुतली होती. पाईप, क्लिपा, दोन्ही फिल्टर, मजुरी धरून चार हजारांच्या आत झालं.

परवा केळी भरून चढलो. धूर नाही. शेवटची दोन वळणं सोडली तर तिसरा धरून आली. ती दोन टायरमुळं असतील का? टायर नवेच आहेत, लगेच काढायला जीव होत नाही.

वाळूजचा_डिझेलवाला

झिजेपर्यंत वापरा, पुढच्या वेळी २१५. त्या दोन वळणांवर दुसरा आधीच टाका, आरपीएम पडायची वाट बघू नका. आणि इतके दिवस अर्धा क्लच देत चढला असाल, तर रिकाम्या गाडीत उभ्या चढावर चौथा टाकून पूर्ण पाय देऊन बघा. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही, तर पुढच्या केळीच्या फेरीआधी प्लेट बदला.