मदत हवी आहे : कॉस्मेटिक कंपनीत फॉर्म्युलेशनची नोकरी

नमस्कार मंडळी. मी लातूरची. बी.फार्म. झालंय, दोन वर्षं वाळूजला गोळ्यांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला आहे. पण जीव रमतो तो क्रीम-शाम्पूत, काय किती घालून ते बनवायचं यात, म्हणजे फॉर्म्युलेशनमध्ये.

कॉलेजात प्रोजेक्टला कोल्ड क्रीम केलं होतं. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा ७०-७५ अंशांपर्यंत तापवून एकत्र ढवळायचा, ४० च्या खाली आलं की सुगंध घालायचा. पहिल्या तीन वेळा क्रीम फुटलंच! ताकावर लोणी तरंगावं तसं. चौथ्यांदा जमलं, तेव्हा आईनं डबीच पळवली.

आता प्रश्न. आर अँड डीला (नवीन माल शोधून बनवणाऱ्या विभागात) घेताना एम.फार्म. मागतात, की कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीची पदवीच लागते? आधी क्यूसीत शिरून मग फॉर्म्युलेशनकडे सरकता येतं का? मुलाखतीला 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' (सौंदर्यप्रसाधनांचे सरकारी नियम) कितपत विचारतात? आणि संभाजीनगर-जालन्याकडे अशी कामं निघतात, की पुणे-मुंबई गाठावंच लागतं?

एका एजंटानं नोंदणीचे पाच हजार घेतले अन् फोन उचलणं सोडलं. त्यामुळं एजंटाचे नंबर नकोत. या लाइनीतल्या दादा-ताईंनी स्वतःचा अनुभव सांगितला तर लई उपकार होतील.