सिझेरियननंतर वहिनी घामाने चिंब, पण अंग गार. असं का?

डिचोलीची नणंद:
वहिनीचं परवा म्हापशाला सिझेरियन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण खोलीत आणल्यावर काही वेळाने वहिनी म्हणायला लागली, "खूप उकडतंय गो, चादर काढ." गळ्यावरून घामाच्या धारा, अंगाला हात लावला तर गार! तापमान ३४.४ अंश सेल्सिअस. कुडकुडत मात्र अजिबात नव्हती. आई म्हणाली, पावसाची हवा बाधली. डॉक्टरांनी बीपी, रक्तस्राव, साखर तपासली, गरम हवेचं ब्लँकेट लावलं, शिरेतून औषध दिलं. सकाळपर्यंत उतार पडला. कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनात मॉर्फिनही (दुखणं थांबवणारं जोरकस औषध) होतं म्हणे. त्यानेच झालं का?

भूलतज्ज्ञ, मडगाव:
ताई, बहुधा त्यानेच. स्पायनलमुळे, म्हणजे कमरेतल्या त्या भुलीमुळे, पायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब तिकडे जाते, म्हणून थोडं तापमान सगळ्यांचंच उतरतं. पण तेव्हा बाईला थंडी वाजते, हात थरथरतात. तुमच्या वहिनींना उलट उकडत होतं, मला तीच खूण महत्त्वाची वाटते. मॉर्फिन मणक्यातल्या पाण्यातून हळूहळू मेंदूपर्यंत चढतं. तिथला हायपोथॅलॅमस शरीर किती गरम ठेवायचं ते ठरवतो, आणि मॉर्फिनमुळे तो आकडाच खाली येतो. मग ३५ अंशालाही शरीर घाम काढत राहतं. डोस साधारण १०० ते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी थोडा, तरी क्वचित एखादीला असं होतं. गरम ब्लँकेटने भागलं नाही तर नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध, थोडं थोडं देतात. जास्त दिलं तर टाक्यांचं दुखणं परत येतं. लोराझेपाम या शांत करणाऱ्या औषधानेही काहींना गुण आलाय.

डॉक्टरांनी आधी रक्तस्राव आणि बीपी पाहिलं ते फार बरं केलं. गार घाम रक्तस्रावाने किंवा बीपी उतरल्यानेही येतो, आणि ते जास्त धोक्याचं. बाळंतिणीला घाम आला म्हणून घरच्यांनी पंखा लावू नये, आधी तापमान मोजायला सांगावं. हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो.

सत्तरी तालुक्यातली एक आई:
तेव्हा बाळाला अंगावर घेतलं तर चालतं का?

भूलतज्ज्ञ, मडगाव:
दूध पाजायला हरकत नाही, एवढ्या डोसातलं मॉर्फिन दुधात नगण्य उतरतं. पण आईचं अंग गार असताना उघडं बाळ छातीशी धरलं तर तेही गारठतं. आधी आईला ऊब द्या, बाळाला टोपी घाला, त्याचंही तापमान बघा.

नणंदताई, ही ॲलर्जी नव्हे. तरी डिस्चार्जच्या कागदावर "स्पायनल मॉर्फिननंतर तापमान उतरलं" असं लिहून घ्या. पुढच्या खेपेला भूलतज्ज्ञ मॉर्फिन वगळून दुखण्याची दुसरी सोय करतील.

डिचोलीची नणंद:
उद्याच डिस्चार्ज आहे, भावाला लगेच फोन करते. देव बरें करूं.