मेबल मर्सर यांना जॅझ गायिका म्हणावे का?

सतारवेडा: मेबल मर्सर यांच्या १९५०च्या दशकातील, अटलांटिक कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिका गेला महिनाभर ऐकतो आहे. कॅबरे (नाइट क्लबातील छोटेखानी मैफली) गायिकेबरोबरच जॅझ गायिका म्हणूनही त्यांचा उल्लेख होतो. मला मात्र त्यांच्या गाण्यात ना उत्स्फूर्त स्वरविस्तार सापडतो, ना लयीशी खेळ. त्यांची सांगीतिक जडणघडण कशी झाली आणि एवढ्याशा आवाजावर एवढा मान कसा मिळाला, हे जाणकारांनी सांगावे.

मध्यलय: त्यांची खरी शाळा रंगमंचच. जन्म १९०० सालचा, इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटचा. आई म्युझिक हॉलमधील, म्हणजे गाणी-विनोदांच्या करमणुकीच्या रंगमंचावरील, कलावंत, तर वडील कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकार. मँचेस्टरच्या कॉन्व्हेंट शाळेतून चौदाव्या वर्षी बाहेर पडून त्या नातेवाइकांच्या फिरत्या संचात दाखल झाल्या. १९३०च्या दशकात पॅरिसच्या ‘ब्रिकटॉप्स’ या नाइट क्लबात नाव झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिका गाठल्यावर न्यू यॉर्कच्या ५२व्या रस्त्यावरील ‘टोनीज’मध्ये त्यांचे बस्तान बसले. पुढे १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याकडून स्वातंत्र्यपदक (‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’, अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान) मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

काळीपाच: सनावळी ठीक, पण मूळ प्रश्न आवाजाचा आहे. तो आधी सोप्रानो, म्हणजे चांगला उंच पट्टीचा होता. वयाबरोबर इतका खाली उतरला की उत्तरायुष्यातील गाणे जवळजवळ बोलण्याच्या काठावर येते. सरळ पाठीच्या खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून त्या गात; त्यामुळे श्रोत्याचे सारे लक्ष ओळीकडे, म्हणजे ती कुठे तोडली आणि कुठे एका श्वासात नेली याकडे लागे. शब्दफेक आपण त्यांच्याकडून शिकलो, असे प्रसिद्ध अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा यांनी जाहीरपणे म्हटले होते, आणि त्याच ५२व्या रस्त्यावर गाणाऱ्या जॅझ गायिका बिली हॉलिडेही त्यांना ऐकायला येत. जॅझवाल्यांनी त्यांना आपल्यात ओढले ते यामुळेच असावे. एरवी ते लेबल मलाही ओढूनताणून लावलेले वाटते. आपल्याकडे याला सरळ शब्दप्रधान गायकी म्हटले असते. सतारवेडा, आपण साथीच्या पियानोकडे कान लावून ऐकता आहात. एकदा फक्त व्यंजने ऐकून पाहा.

सतारवेडा: आभारी आहे. काल रात्री तसे ऐकले. त्यांचा तो किंचित घोळवलेला ‘र’ मला आजवर जुन्या वळणाचा नखरा वाटत होता. पण ओळीच्या शेवटी सूर सोडून दिल्यावरही शब्द त्या ‘र’वरच तोलून राहतो, हे आता ध्यानात आले.